जेठ खाकरले तेव्हा

माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी टक्क जागी होते, आणि ही गोष्ट मी अजूनही भेटेल त्याला सांगते. भाजीवाल्याला सांगून झाली. शाळेच्या शिपाईमावशींना तर आता तोंडपाठ असेल. नवरा म्हणतो, पुरे कर आता. पण ज्या बाईनं स्वतःच्या पोटातल्या रक्तवाहिन्या स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिल्या, तिनं गप्प बसायचं तरी कसं? लोकांची लग्नं आणि लोकांची भांडणं टीव्हीवर बघत आपलं आयुष्य जातं. मला एकदाच माझा स्वतःचा कार्यक्रम बघायला मिळाला, तोही थेट प्रक्षेपण.

आधी दुखणं सांगते. मी सुरतेत लिंबायतला राहते आणि पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. वर्गात बहुतेक धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेल्या, लूमवर म्हणजे यंत्रमागावर काम करणाऱ्यांची पोरं. दोनेक वर्षं महिन्यातले निम्मे दिवस माझ्या अंगावरून जात होतं. फिक्या रंगाच्या साड्या कपाटात पडून राहिल्या. जिना चढताना धाप लागायची आणि फळ्यावर हात वर करून लिहिताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, चांगली मोसंबीएवढी. गाठ साधी होती, कॅन्सरची नव्हती, पण तिच्यापायी माझ्या अंगातलं रक्त संपत चाललं होतं.

आमच्या गल्लीत या दुखण्याला एकच उत्तर असतं, पिशवी काढून टाका. दाढ काढावी तशा बायका पिशवी काढून येतात. माझ्या जेठाणीची, म्हणजे थोरल्या जावेची, काढून झाली होती. ती स्वतःच्या पोटावरच्या टाक्यांवर हात फिरवत मला म्हणाली, "पोरं मोठा व्हयी गयात. आते पिशवीनं काय लोनचं घालशी?"

लोणचं घालायचं नव्हतंच. पण माझं डोकं मास्तरणीचं. वर्गात एका पोरानं खोड्या केल्या म्हणून मी अख्ख्या वर्गाला कोंबडा करत नाही. गाठीचं दुखणं आहे, तर शिक्षा गाठीला झाली पाहिजे. शिवाय शाळेत आम्ही मोजून चार बाया, मी दीड महिना पोट धरून घरी बसले तर माझा वर्ग कोण सांभाळणार? मी चौकशी करत सुटले. शेवटी एक डॉक्टर सापडले. ते चिरफाड करत नाहीत. मांडीच्या सांध्यातल्या धमनीत सुईनं भोक पाडायचं, त्यातून शेवईसारखी बारीक नळी आत सरकवायची, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत गाठीपर्यंत न्यायची आणि तिथे बारीक कण सोडून गाठीचं रक्त तोडायचं. रक्त नाही मिळालं की गाठ वाळते. मी म्हटलं, म्हणजे घरपट्टी न भरणाऱ्याचं नळ कनेक्शन तोडायचं. डॉक्टर गुजराती, त्यांना हे फार आवडलं.

त्यांनी धोकेही सांगितले, लपवाछपवी केली नाही. नंतर पोटात भयंकर कळा येतात, ताप येतो. कधी गाठ पुरती वाळत नाही, कधी पुन्हा वाढते. आणि भोक पाडलेल्या जागी रक्तस्राव होऊ शकतो, कारण धमनी म्हणजे काही साधी शीर नव्हे. मनगटातूनही जाता येतं, पण माझ्या मनगटातली धमनी त्यांना फार बारीक वाटली. म्हणून मांडी. म्हणून नंतर संध्याकाळपर्यंत पाय सरळ ठेवून उताणं पडायचं, उठायचं नाही, बसायचं नाही, पाय दुमडायचा नाही. एवढंच पथ्य. मी म्हटलं, हे तर दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडण्याइतकं सोपं आहे.

आता जेठांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जेठ म्हणजे थोरले दीर. सासरे लवकर गेले, तेव्हा या माणसानं गाव सोडून सुरत गाठली, लूमवर उभा राहिला, आणि माझ्या नवऱ्याला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. ते राहतात पलीकडच्या गल्लीत, पण आमच्याही घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. आणि आमच्याकडे जुन्या वळणाच्या घरात धाकट्याची बायको जेठांशी थेट बोलत नाही. समोर बसत नाही. ते दारात आले की खाकरतात, म्हणजे घरातल्या बायकांनी समजायचं, उठायचं, पदर डोक्यावर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. जेठांचे कान लूमच्या खडखडाटात अर्धे गेलेले, त्यामुळे त्यांचं खाकरणंही कारखान्याच्या मापाचं. गल्लीच्या तोंडाशी खाकरले तरी आमच्या स्वयंपाकघरात भांडं हलायचं.

बोलणं असायचं, पण भिंतीमार्फत. जेवायला आले की ते माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणायचे, "तिले सांग, दायमा मीठ जास्ती पडनं." मी नवऱ्याकडे बघून म्हणायची, त्यांना सांगा, उद्या डाळीत कमी टाकेन. नवरा मध्ये जेवत बसलेला, दोन्हीकडचं ऐकून काहीच न सांगणारा. शाळेत मुलींना मान वर करून बोलायला मीच शिकवते. घरी मात्र ते खाकरले की माझे गुडघे मला न विचारता सरळ व्हायचे. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि आम्ही दोघांनी एकमेकांना उद्देशून एक शब्द काढला नव्हता.

तर, पिशवी काढायची की नळी घालायची, हे ठरवायला बैठक बसली. मी दाराआड, पदर डोक्यावर. जेठाणीचा ठाम विरोध. नवऱ्याचं नेहमीचं, मोठा भाऊ काय म्हणतो बघू. जेठांनी बराच वेळ पंख्याकडे पाहिलं. मग विचारलं, "टाका कितला पडतीन?"

नवरा म्हणाला, एकही नाही.

"टाकाबी नही, मंग ते ऑपरेशन कसानं?" असं म्हणून ते परत पंख्याकडे बघत राहिले. जेठाणीला वाटलं, जिंकले. पण त्यांनी उठता उठता सांगून टाकलं, "तिना जीव शे. तिले समजस." मी दाराआड जवळजवळ नाचले. पण जेठाणी जाताना मला म्हणाली की बिघडलं तर शेवटी पोट फाडावंच लागेल, मग ना इकडची ना तिकडची. ते मात्र डोक्यात बसलं. मला बरं व्हायचं होतं आणि अख्खं व्हायचं होतं, आणि ते चुकलं तर माझ्यामागून या गल्लीतली एकही बाई ही वाट धरणार नव्हती.

ऑपरेशनच्या टेबलावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे भांडण. पडदा माझ्या डोक्यामागे होता. मी म्हटलं, मला दिसत नाही. नर्स केरळकडची, हिंदी बोलणारी, म्हणाली, आंटी, आँख बंद करो. मी म्हटलं, डोळे मिटायला घरी खाट आहे. डॉक्टर मास्कमागे हसले आणि पडदा माझ्याकडे वळवला. सुई टोचली ती इंजेक्शनाइतकीच दुखली. मग काही नाही, नुसती ढकलाढकल. आणि पडद्यावर माझ्या कमरेच्या हाडांतून एक काळी रेघ वर चढायला लागली.

"बेन, हवे हलता नहीं," डॉक्टर म्हणाले, आता हलू नका. आतून गरम पाणी सांडल्यासारखं झालं आणि पडद्यावर मी उगवले. काय सांगू! उपटलेल्या मेथीच्या जुडीला मुळं असतात तशा धमन्या सर्रकन पसरल्या. एक जाड, तिला फाटे, फाट्यांना फाटे. आणि एका बाजूला गुंता, जिलबीवर जिलबी घातल्यासारखा. डॉक्टरांनी बोटानं दाखवलं, ही तुमची गाठ, बघा केवढं रक्त ओढते. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं. माझ्याच घरात राहून माझ्याच पैशानं केवढा संसार मांडला होता बयेनं.

मग सिरिंजमधून कण सोडले, रव्यापेक्षा बारीक. थोडे सोडायचे, चित्र बघायचं, परत थोडे. दरवेळी गुंता विरळ होत गेला. टोकाची वेटोळी आधी गेली, मग मधली, आणि शेवटी तिथे नुसता एक छाटलेला फाटा राहिला. तसंच दुसऱ्या बाजूला. मी सारखी विचारत होते, गेलं का, संपलं का, आता कुठे आहात? डॉक्टर म्हणाले की इतके प्रश्न विचारणारा पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटला. मी म्हटलं, मी पोरांनाही असंच करते. एवढा आनंद मला डी.एड.च्या निकालाला झाला नव्हता. नळी काढली, नर्सनं भोकावर हाताचा जोर देऊन बराच वेळ दाबून धरलं, जाड पट्टी बांधली, वर वाळूची पिशवी ठेवली आणि बजावलं, "पैर सीधा. उठना नहीं, बैठना नहीं. छींक आए तो भी यहाँ हाथ दबाके छींकना." तेच तिनं बाहेर माझ्या नवऱ्यालाही सांगितलं, जोरजोरात.

कळा मात्र खऱ्याच आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यात कणभर खोट नव्हती. उपाशी ठेवलेली गाठ कळ काढते म्हणतात, ती बाळंतपणासारखी लाटांनी यायची. सलाईनमधून औषध दिलं तेव्हा जरा गुंगी आली. नवरा बाजूला बसून माझ्या सरळ पायाकडे राखणदारासारखा बघत होता. बराच वेळ काही होत नाही असं बघून तो म्हणाला, पटकन खाली जाऊन चहा घेऊन येतो. मीही हो म्हटलं. मी अर्धवट झोपेत होते. खिडकीच्या काचेवर ऊन होतं. मला वाटलं, आपण जिंकलो.

आणि बाहेरच्या व्हरांड्यात जेठ खाकरले.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती माझ्या पाठीच्या कण्यात होती. मी उठले. विचार वगैरे काही आला नाही. दोन्ही गुडघे वर घेतले, ताठ बसले, पाय खाटेखाली सोडले. हात पदर शोधत होता, अंगात हॉस्पिटलचा झगा, पदर कुठला? म्हणून मी चादर ओढून डोक्यावर घेतली. वाळूची पिशवी धप्पकन खाली पडली. मांडीच्या आत काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि गरम, खूप गरम वाहायला लागलं. मला वाटलं सलाईन निसटलं. खाली पाहिलं तर पट्टी लाल, चादर लाल, आणि सांध्यात लिंबाएवढं काहीतरी फुगत होतं.

जेठ दारात उभे. हातात सफरचंदांची पिशवी. आणि मी, इतकं सगळं होत असताना, त्यांच्याशी बोलले नाही. मी खिडकीला सांगितलं. "रक्त येतंय," असं मी खिडकीकडे बघून म्हणाले. आजही आठवलं की मला हसू येतं आणि अंगावर काटाही येतो.

त्यांना ऐकू आलं नसेलच. पण दिसलं. सफरचंदं खाली पडली. ज्या माणसानं बावीस वर्षांत माझ्या सावलीवर पाय पडू दिला नव्हता, त्यानं दोन ढांगांत खाट गाठली, माझ्या खांद्याला धरून मला आडवं केलं, आणि तळहात माझ्या मांडीच्या सांध्यावर ठेवून सगळा भार टाकला. इतका जोर की माझ्या तोंडून आवाज निघाला. आणि तोंड त्यांनी फिरवलं होतं खिडकीकडे. मर्यादा सोडली ती फक्त हातानं. मग ते ओरडले, "सिस्टर!" तो आवाज चालू लूमवर मारायचा होता. मला वाटतं, खालच्या मजल्यावरचे पेशंटही उठून बसले असतील.

नर्स धावत आली. तिनं खाट सपाट केली, हातमोजे चढवता चढवता जेठांचा हात बघितला आणि म्हणाली, "काका, ऐसे ही रखो, छोड़ना मत." जेठांनी सोडला नाही. त्यांच्या कपाळावरून घाम टपकत होता, बाही कोपरापर्यंत लाल झालेली, मान तशीच खिडकीकडे. मी छताकडे बघत होते. मला मरायचं नव्हतं. चादर डोक्यावर घेऊन तर मुळीच नाही. मग नर्सनं जागा घेतली, डॉक्टर आले, त्यांनी दाबून धरलं, रक्त थांबलं. तेवढ्यात नवरा दोन चहा घेऊन आत आला आणि दारातच थिजला. जेठ त्याच्या बाजूनं, कोणाकडे न बघता, बाहेर निघून गेले. हात धुवायलाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा काळानिळा आणि त्यात एक गोळा. हात ठेवला तर तो धडधडत होता, जिवंत असल्यासारखा. सोनोग्राफीला नेलं. डॉक्टरांचा चेहरा आज गंभीर होता, तरी मी पडदा मागितलाच आणि त्यांनीही दिलाच. धमनीतून रक्त लाल रंगात धावताना दिसत होतं आणि तिच्या कडेला एक फुगा. भोकातून रक्त त्या फुग्यात शिरत होतं आणि गोल गोल फिरत होतं, अर्धं लाल, अर्धं निळं, जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखं. भीती वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण इतकं देखणं दुखणं मी पाहिलं नव्हतं. एक पिशवी वाचवायला आले आणि दुसरी पदरात पडली, असं मी म्हटलं. या खेपेला डॉक्टर हसले नाहीत.

ते म्हणाले की फुगा फुटता कामा नये. आधी सोनोग्राफीच्या यंत्रानंच दाबून बघू. नाही मिटला तर पडद्यावर बघत फुग्यात सुई घालून रक्त गोठवायचं औषध टाकू. त्यात थेंबभर औषध चुकून धमनीत गेलं तर पायाला धोका. आणि हेही नाही जमलं तर सर्जनला बोलवून चिरा घेऊन धमनी शिवावी लागेल. चिरा. म्हणजे जेठाणीचं खरं. म्हणजे ना इकडची ना तिकडची.

नवरा बाहेरून आत डोकावून म्हणाला, "दादा सकाळपासून जिन्यावर बसलाय. काल रात्रीपासून पोटात काही नाही." मी विचारलं, काय म्हणताहेत? नवऱ्यानं त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं: "मना खोकलानी तिना जीव लेता लेता ऱ्हायना."

मला इतका राग आला. त्यांचा नाही, कोणाचा ते मला आजही सांगता येत नाही. त्या माणसानं बायकांना अडचण होऊ नये म्हणून आयुष्यभर दाराबाहेर थांबून खाकरलं, आणि आता त्याच खाकरण्याला खून म्हणत जिन्यावर बसला होता. मी डॉक्टरांना म्हटलं, करा तुम्ही. मी हलणार नाही. आता प्रत्यक्ष सासरे स्वर्गातून उतरले तरी हलणार नाही.

दाबून बघितलं. ते पहिल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं. फुगा लहान झाला पण मिटला नाही, हात काढला की भिरभिरं पुन्हा सुरू. मग सुई. पडद्यावर ती पांढऱ्या रेघेसारखी तिरकी आली आणि फुग्याच्या आत तिचं टोक चमकलं. डॉक्टर म्हणाले, श्वास रोखा. मी रोखला. त्यांनी औषधाचा एक थेंब सोडला असेल, दोन असतील, आणि ते लाल-निळं फिरणं थांबलं. विझलं. चूल विझते तसं हळूहळू नाही, बटण दाबल्यासारखं. फुग्याच्या जागी नुसता करडा गोळा, आणि शेजारी माझी धमनी, लाल, सरळ, आपल्या वाटेनं चाललेली. डॉक्टरांनी माझ्या पावलावर बोट ठेवून नाडी बघितली आणि मान हलवली. चांगली होती. मी इतक्या जोरात श्वास सोडला की नर्स दचकली. मग मी रडले, हसले, आणि पुन्हा एकदा दाखवा म्हणाले.

खोलीत परत नेताना डॉक्टर जिन्यापाशी थांबले आणि जेठांना म्हणाले, "काका, तमारा हाथे बचावी लीधा." जेठांनी कानामागे हात धरला. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, काका, तुमच्या हातानं यांना वाचवलं. या वेळी त्यांना ऐकू गेलं असावं. त्यांनी स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून पाहिला, खिशात घातला आणि जिना उतरून गेले.

घरी आल्यावर गल्ली लोटली. सगळ्यांना टाके बघायचे होते. टाके नाहीत म्हटल्यावर निम्म्यांना वाटलं, डॉक्टरनं फसवलं. पहिल्या महिन्यात ताप येऊन गेला, थकवा राहिला, आणि रक्तही पूर्वीसारखंच गेलं. जेठाणी म्हणाली, सांगितलं होतं. मी म्हटलं, हे काय पी हळद अन् हो गोरी आहे का? पण रात्री मी पोटावर हात ठेवून गाठीला विचारायची, वाळतेस ना बये? दुसऱ्या महिन्यात कमी झालं. तिसऱ्यात चारचौघींसारखं. मी फिकी गुलाबी साडी नेसून शाळेत गेले आणि जिना न थांबता चढले. वर जाऊन परत खाली आले आणि परत चढले. शिपाईमावशींना वाटलं, काही विसरले.

या सगळ्या दिवसांत जेठ आमच्या घरी आले नाहीत. रोज जेठाणीबरोबर काहीतरी पाठवायचे, खजूर, बीट, कधी डाळिंब, रक्त वाढावं म्हणून. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीशी उभे राहून आमच्या दाराकडे बघायचे आणि निघून जायचे. नवऱ्यानं बोलावलं तर म्हणायचे, नको, ती उठेल.

एमआरआयचा निकाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या. गाठ गेली नव्हती, पण निम्म्याहून लहान झाली होती आणि आतून काळी, म्हणजे रक्त बंद. पुन्हा वाढूही शकते, दरवर्षी दाखवत राहा, असं ते म्हणाले. मी म्हटलं, दाखवीन. फिल्म काखोटीला मारून मी घरी गेलेच नाही. सरळ पलीकडच्या गल्लीत, जेठांकडे गेले. एकटी.

ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मला येताना पाहिलं आणि घाईनं उठायला लागले, आत जायला, म्हणजे मला उभं राहावं लागू नये. शेजारी प्लास्टिकची रिकामी खुर्ची होती. मी ती ओढली आणि त्यांच्यासमोर बसले. पदर खांद्यावरच होता. दारात जेठाणी आली आणि तिचा हात तोंडावर गेला. त्यांना हळू बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून जे बोलायचं ते मला ओरडूनच बोलावं लागलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"दादा, गाठ वायनी," गाठ वाळली, असं मी त्यांच्याच बोलीत म्हटलं. "मी बरी शे. तुम्हना हातमुये बरी शे."

ते तसेच अर्धवट उभे, एक हात खुर्चीच्या पाठीवर. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, आणि समोर वडीलमाणूस उभं, म्हणून मी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठायला लागले.

त्यांनी तो उजवा हात पुढे केला आणि हवेतच दाबून धरल्यासारखा धरला.

"बठ, माय," ते म्हणाले. "आते कोनासाठेबी उठानं नही."

मी बसले. मग तेही बसले.